अर्ध्या गुणाचा हिशेब

मे महिन्यात मुंबई-नाशिक महामार्गावर, खर्डी-कसाऱ्याच्या बाजूला, करवंदा-जांभळांचे वाटे मांडून बसलेली मुले दिसतात. गाडी थांबते. गिऱ्हाईक करवंदांचे तीन आणि जांभळांचे दोन वाटे उचलते आणि शंभराच्या दोन नोटा पुढे करते. विकणारी मुलगी क्षणभरात सत्तर रुपये परत देते. तिच्याकडे कागद नसतो, पेन नसते आणि कॅल्क्युलेटरची तिला आठवणही होत नाही.

दहावीच्या बीजगणितात हाच व्यवहार उलट्या बाजूने येतो. करवंदांचे ३ आणि जांभळांचे २ वाटे मिळून १३० रुपये होतात, करवंदांचे २ आणि जांभळांचे ३ मिळून १४५ रुपये, तर एकेका वाट्याची किंमत काढा. मुलगी थोडा वेळ विचार करते आणि लिहिते, ‘करवंदे २० रुपये, जांभळे ३५ रुपये.’ उत्तर अचूक आहे. पण प्रश्न तीन गुणांचा असेल तर परीक्षक तिला बहुधा अर्धा गुण देईल, हात सैल असेल तर एक. शेजारच्या बाकावरच्या मुलाने दोन समीकरणे मांडलेली असतात, शेवटच्या वजाबाकीत तो घसरतो आणि त्याचे उत्तर चुकते. तरी त्याला दोन गुण सहज मिळतात.

घरी हे सांगितले की आईबापांना हसावे की रडावे कळत नाही. बरोबर उत्तराला अर्धा गुण आणि चुकलेल्याला दोन! पण यात परीक्षकाची लहर कुठेही नाही. तो एका छापील कागदाप्रमाणे चालत असतो. त्या कागदाला नमुना उत्तरपत्रिका म्हणतात, आणि ती कशी वाचायची हे ज्या मुलांना ठाऊक असते त्यांचे पाच-सात गुण न शिकताही वाढतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडकडच्या पुष्कळ मुलांना ते ठाऊक नसते.

वरच्या उदाहरणाचे तीन गुण साधारण सहा तुकड्यांत वाटले जातात. करवंदांच्या वाट्याची किंमत क्ष रुपये आणि जांभळांच्या वाट्याची य रुपये मानली, याचा अर्धा गुण. ३क्ष + २य = १३० या समीकरणाचा अर्धा. २क्ष + ३य = १४५ याचा आणखी अर्धा. दोन्ही समीकरणांची बेरीज करून ५ ने भागले की क्ष + य = ५५ मिळते, त्याचा अर्धा. वजाबाकी केली की क्ष − य = −१५ येते, त्याचा अर्धा. शेवटी क्ष = २०, य = ३५, त्याचा अर्धा. म्हणजे समीकरण सोडवायला हात घालण्याआधीच निम्मे गुण पदरात पडलेले असतात.

करवंदे विकणाऱ्या मुलीने मनात काय केले असेल? दोन्ही व्यवहार एकत्र केले तर पाच-पाच वाटे २७५ रुपयांना पडतात, म्हणजे एक जोडी ५५ रुपयांना. अशा दोन जोड्यांचे ११० रुपये. पहिल्या व्यवहारात दोन जोड्या आणि वर करवंदांचा एक वाटा आहे, पैसे आहेत १३०. तेव्हा तो वाटा २० रुपयांचा. हे बीजगणितच झाले, फक्त त्यात क्ष आणि य नाहीत. एवढ्या चार ओळी तिने शब्दांत जरी उतरवल्या असत्या तरी चित्र पालटले असते, कारण वेगळ्या पण तर्कशुद्ध रीतीने केलेल्या उदाहरणाला गुण द्यायचे, हा गणिताच्या तपासणीतला जुना संकेत आहे. प्रश्नातच ‘समीकरणे मांडून सोडवा’ असे म्हटले असेल तर समीकरणांचे गुण जातील, बाकीचे मागता येतील. पण कागदावर काहीच नसेल तर परीक्षकाने गुण कशाला द्यायचे? मनातला हिशेब त्याला दिसत नाही. शेजाऱ्याचे पाहून लिहिलेले उत्तरही असेच एका ओळीचे असते.

बाजारातला हिशेब आणि शाळेतले गणित यांच्यातली ही दरी आता संशोधकांनीही मोजली आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या नोबेल विजेत्या अर्थशास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांना त्यात तपासले होते. ही मुले भाजी-फळांचे गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी बिनचूक करत, पण तीच आकडेमोड पाठ्यपुस्तकाच्या भाषेत कागदावर समोर आली की अडखळत. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांची स्थिती नेमकी उलटी होती. कागदावरचे त्यांना जमे, बाजारातले जमत नसे.

शहापूर-मुरबाडला हे तंतोतंत लागू पडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या ठाणे जिल्ह्यात महानगरांची दाटी आणि तिच्या पाठीशी हे दोन डोंगराळ तालुके, असे चित्र तयार झाले. शहापुरात तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आहेत आणि त्यांच्या भोवती ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळ्यांचे पाडे. मुरबाडच्या पलीकडे माळशेजचा घाट. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूच्या विद्यालयांतून आणि आश्रमशाळांतून दहावीला बसणारी मुले कल्याण-डोंबिवलीच्या मुलांइतक्याच काठिण्याचा पेपर त्याच दिवशी, त्याच वेळी सोडवतात. दोघांचाही निकाल महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या वाशी इथल्या मुंबई विभागीय कार्यालयातून लागतो.

कागद तोच असतो. डोंबिवलीच्या मुलाला मात्र शिकवणीत ‘पेपर प्रेझेंटेशन’ नावाचा वेगळा तास असतो.

दहावीच्या गणिताचे १०० गुण आहेत. भाग १ म्हणजे बीजगणित ४० गुणांचे, भाग २ म्हणजे भूमिती ४० गुणांची, प्रत्येकी दोन तास, आणि उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१८ साली डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेली पाठ्यपुस्तके दहावीला आली आणि २०१९ च्या मार्चपासून पेपरचा साचाही बदलला. आता सुरुवातीला चार बहुपर्यायी प्रश्न, मग एकेक गुणाचे चार, मग दोन-दोन गुणांचे, मग तीन, मग चार. शेवटचा तीन गुणांचा प्रश्न डोके चालवायला लावणारा.

या साच्यातली सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ‘कृती पूर्ण करा’. सोडवलेले उदाहरण छापून येते, मधल्या काही चौकटी रिकाम्या असतात. दोन गुणांच्या कृतीत बहुधा चार चौकटी, म्हणजे चौकटीमागे अर्धा गुण. एखादे प्रमेय पाठ नसलेल्या मुलालाही वरच्या-खालच्या ओळी वाचून दोन चौकटी भरता येतात. काही शिक्षक या प्रश्नांना नाके मुरडतात, गाळलेल्या जागा भरणे हे गणित नव्हे म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण उत्तर कसे उलगडत जाते, कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ येते, हे ज्या मुलाला घरी किंवा शिकवणीत कोणी दाखवलेले नाही, त्याच्यासाठी छापील कृती हाच एक नमुना असतो. कोणत्या ओळीला गुण आहेत हे बोर्ड त्याला प्रश्नपत्रिकेतच दाखवत असते.

बहुपर्यायी प्रश्नांचा नियम मात्र कडक आहे. उत्तर उपप्रश्नाच्या क्रमांकासह आणि पर्यायाच्या अक्षरासह लिहायचे, आणि पहिला प्रयत्न तोच खरा. आधी ‘बी’ लिहून खोडले आणि खाली ‘सी’ लिहिले, तर ‘सी’ बरोबर असूनही गुण नाही. ही सूचना प्रश्नपत्रिकेवर छापलेली असते आणि ती न वाचण्याची परंपराही तितकीच पक्की आहे.

पेपर झाला की खरे काम सुरू होते. विषयाचे मुख्य नियामक एकत्र बसून नमुना उत्तरपत्रिका नक्की करतात. कोणत्या पायरीला किती गुण, कोणती पर्यायी रीत चालेल, प्रश्नाच्या शब्दांत घोळ असेल तर काय करायचे, हे तिथे ठरते. प्रश्नच सदोष निघाला तर त्याचे गुण द्यावे लागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीचा मजकूर छापला गेला आणि बोर्डाला त्या ६ गुणांचा निर्णय विद्यार्थ्यांच्या बाजूने करावा लागला. मुख्य नियामकांकडून सूचना नियामकांकडे जातात, त्यांच्याकडून परीक्षकांकडे. परीक्षक म्हणजे कुठल्यातरी शाळेतले गणिताचे शिक्षक, ज्यांच्या स्वतःच्या शाळेत त्याच काळात पाचवी ते नववीच्या परीक्षा चालू असतात.

गठ्ठा हातात येतो तेव्हा उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आणि बैठक क्रमांकाच्या जागी चिकटपट्टी आणि बारकोड असतो. मूल टोकावड्याचे की ठाण्याचे, मुलगा की मुलगी, हे परीक्षकाला कळत नाही. अक्षर तेवढे दिसते. परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामक पुन्हा तपासतो. त्यात भरपूर गुणांच्या असतात, मधल्या असतात आणि काठावर नापास होणाऱ्या तर हमखास असतात. एखादा परीक्षक हात आखडता घेतो आहे की सढळ सोडतो आहे, हे तिथे उघडे पडते. मग ‘सर, रीतीचे गुण कापू नका’ असा निरोप जातो, किंवा उलटाही.

एवढी उतरंड कशाला, असे वाटणाऱ्यांनी १९१३ सालचा एक प्रयोग आठवावा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी आधी इंग्रजीच्या उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतल्या होत्या. गुणांत मोठी तफावत निघाली, तेव्हा लोक म्हणाले, भाषेत असे व्हायचेच, गणितात होणार नाही. मग त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका छापून शाळाशाळांत पाठवली. ११६ शिक्षकांनी तपासलेल्या त्या एकाच उत्तरपत्रिकेला १०० पैकी ३० हून कमी गुण देणारा शिक्षक निघाला आणि ९० हून जास्त देणारेही निघाले. तफावत इंग्रजीपेक्षा जास्त होती. कोणी आकृतीच्या नीटनेटकेपणाचे गुण मोजले, कोणी मोजले नाहीत. कोणी चुकीच्या उत्तराला शून्य दिले, कोणी रीतीला गुण दिले. सगळे शिक्षक प्रामाणिक होते, पण कशाला किती गुण हे आधी ठरलेले नव्हते.

इंग्लंडमधल्या परीक्षा मंडळांनी या प्रश्नावर अक्षरांचा उपाय काढला. तिथल्या गुणदान तक्त्यात रीतीचा गुण, अचूकतेचा गुण आणि स्वतंत्र गुण यांना वेगवेगळी अक्षरे असतात. रीतीचा गुण मिळाला नसेल तर त्यावर अवलंबून असलेला अचूकतेचा गुणही मिळत नाही. आधीच्या पायरीवर चूक झाली पण पुढचे काम त्या चुकीच्या आकड्यावर बिनचूक केले, तर पुढच्या पायरीचे गुण देण्याची सोयही अनेक प्रश्नांत असते. एका चुकीची शिक्षा एकदाच, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे अक्षरे नाहीत, अर्धे गुण आहेत, पण विचार बराचसा तोच आहे.

मनोऱ्याच्या पायथ्यापासून ४० मीटर अंतरावरून टोकाकडे पाहताना उन्नत कोन ६०° होतो, तर मनोऱ्याची उंची किती? उत्तर ४०√३ मीटर, √३ = १.७३ धरले तर ६९.२ मीटर. आता एखाद्या मुलाने आकृती बरोबर काढली, टॅन ६०° म्हणजे उंची भागिले अंतर हे बरोबर लिहिले, पण टॅन ६०° ची किंमत √३ ऐवजी १/√३ घेतली. त्याची उंची येते २३ मीटरच्या आसपास. उत्तर साफ चुकले, तरी आकृतीचे आणि गुणोत्तराचे गुण त्याचेच आहेत. ज्याने आकृती काढली नाही आणि कुठल्याशा आठवणीने ‘४०√३’ एवढेच लिहिले, त्याच्यापेक्षा हा मुलगा पुढे राहतो. शेवटी ‘मीटर’ लिहायला विसरला तर तिथेही घासाघीस होऊ शकते.

वस्तू आणि सेवा कराच्या उदाहरणात अशीच गंमत होते. २,४०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के दराने केंद्राचा कर ९ टक्के म्हणजे २१६ रुपये, राज्याचाही २१६, एकूण बिल २,८३२ रुपये. काही मुले केंद्राचे १८ आणि राज्याचे १८ धरून ३,२६४ रुपयांवर पोहोचतात. दर निम्मा करायची पायरी गेली, पण टक्केवारी काढण्याची आणि बेरजेची रीत कागदावर असेल तर सगळेच जात नाही. याच धड्यात शेअरचे दर्शनी मूल्य आणि बाजारभावही येतात. कसाऱ्याच्या पुढच्या पाड्यावर डिमॅट खाते कोणाचे असणार? पण म्हणून ते गुण सोडून द्यायचे कारण नाही. उलट हा धडा ठरावीक रीतीचा आहे आणि थोड्या सरावात हाती येतो.

वर्गसमीकरणात चिन्हांनी घात होतो. क्ष² − १३क्ष + ३६ = ० यात −९ आणि −४ हे तुकडे पाडले, (क्ष − ९)(क्ष − ४) = ० इथपर्यंत सगळे बिनचूक आले आणि शेवटच्या ओळीत मुलाने क्ष = −९, क्ष = −४ लिहिले. दोन गुणांच्या प्रश्नात दीड गुण. ही ओळ पाहून नवखा शिक्षक चिडतो आणि पूर्ण उदाहरणावर काट मारतो. नियामकाला नेमके तेच थांबवायचे असते.

भूमितीत हिशेब थोडा निराळा आहे. तिथे सिद्धता म्हणजे पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी चार दालने, आणि प्रमेयाला आकृती सक्तीची. वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूपासून काढलेले दोन्ही स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे प्रमेय घ्या. आकृती काढली, त्यावर अक्षरे घातली, काय दिले आहे आणि काय सिद्ध करायचे आहे ते लिहिले, केंद्राला जोडणाऱ्या त्रिज्या काढल्या. इतके केलेल्या मुलाने अजून एकही त्रिकोण एकरूप दाखवलेला नसतो, तरी त्याच्या खात्यात गुण जमा झालेले असतात. पुढे प्रत्येक विधानासमोर कारण लिहायचे. स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात काटकोन का, तर स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. दोन त्रिज्या समान का, तर एकाच वर्तुळाच्या म्हणून. विधाने बरोबर आणि कारणांचे रकाने कोरे, अशा उत्तरपत्रिका ढिगाने येतात आणि त्यांचे गुण कारणांपाशी गळतात.

भौमितिक रचनेत तर नीटनेटकेपणाच आडवा येतो. कंपासने मारलेले कंस काही मुले शेवटी खोडरबराने पुसून टाकतात, आकृती सुबक दिसावी म्हणून. प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट छापलेले असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. कारण ते कंसच पुरावा असतात. लंबदुभाजक कंपासने काढला की पट्टीने अंदाजाने ओढला, हे परीक्षकाने आणखी कशावरून ओळखायचे? प्राथमिक शाळेत ‘खाडाखोड नको’ म्हणून वाढवलेले मूल इथे आपल्याच हातांनी गुण पुसते.

एवढे सगळे नियम असूनही चुका होतात, आणि त्या बऱ्याचदा गणिताच्या नसतात. पुरवणीचे शेवटचे पान पाहायचे राहते. आतल्या पानावरचे गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात उतरत नाहीत. बेरीज चुकते. होय, गणिताच्या शिक्षकाचीही. बोर्डाच्या ‘गुणपडताळणी’त याच गोष्टी पाहिल्या जातात. एखादे उत्तर तपासायचे राहिले का, बेरीज जुळते का. दिलेले गुण योग्य होते का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. त्यासाठी ‘पुनर्मूल्यांकन’ आहे.

आज या दोन्ही सोयी गृहीत धरल्या जातात, पण त्यांच्यामागे महाराष्ट्राचाच एक खटला आहे. आमच्या उत्तरपत्रिका आम्हाला दाखवा, पुन्हा तपासा, ही मागणी घेऊन विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि फेरतपासणीचा हक्क नाकारणारा नियम बोर्डाच्या १९७७ च्या विनियमांत होता. उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जुलै १९८४ रोजी परितोष भूपेशकुमार शेठ यांच्या नावाने ओळखला जाणारा निकाल बोर्डाच्या बाजूने लागला. परीक्षार्थींची संख्या पाहता प्रत्येकाला उत्तरपत्रिका दाखवणे व्यवहार्य नाही आणि निकालाला कुठेतरी शेवट हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढची सत्तावीस वर्षे देशभरातली परीक्षा मंडळे याच निकालाकडे बोट दाखवत राहिली. माहितीचा अधिकार आल्यावर वारे फिरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती पाहण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे. परीक्षकाचे नाव मात्र गुप्तच राहील.

गुणदानाचे नियम बदलले की मुले तीच राहूनही निकाल कसा हलतो, हे २०१९ ने दाखवून दिले. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. दहावीचा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरडा झाला, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये कोविडमुळे लेखी परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. या चढउतारांवरून महाराष्ट्रातल्या मुलांची बुद्धी मोजू पाहणाऱ्यांना दुरूनच नमस्कार.

२०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली आणखी एक गोष्ट चर्चेत आली. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला उत्तीर्ण करायचे, पण पुढे गणित-विज्ञानाकडे जाता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. नापासीच्या भीतीने शाळा सुटू नये हा त्यामागचा हेतू चांगला आहे. तरीही डोळखांबच्या किंवा धसईच्या मुलाला पंधराव्या वर्षी तसा शेरा लावण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. त्याचे ३५ गुण गणित न आल्यामुळे हुकले, की येत असलेले कागदावर न उतरल्यामुळे? वर मोजलेले अर्धे-अर्धे गुण एकत्र केले, तर वीस आणि पस्तीस यांच्यातले बरेच अंतर कापले जाते.

यावर उपाय खर्चाचा नाही. ज्या शाळेतले गणिताचे सर कधी परीक्षक म्हणून गेलेले असतात, तिथल्या मुलांना अर्ध्या गुणाची गोष्ट आपोआप कळते. ‘पोरांनो, सूत्र लिहा, मग किमती घाला’ हे वाक्य त्या वर्गात रोज ऐकू येते. ज्या आश्रमशाळेत एकाच शिक्षकावर गणित, विज्ञान आणि वसतिगृहाची देखरेख असे सगळे येऊन पडते, तिथे ते राहून जाते. तालुक्यातल्या अनुभवी परीक्षकांनी जानेवारीत एक दिवस काढावा आणि सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुलांकडूनच नमुना उत्तरपत्रिकेप्रमाणे तपासून घ्याव्यात. दुसऱ्याचा पेपर तपासताना एका ओळीच्या उत्तराला गुण देता येत नाहीत, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. या अर्ध्या-अर्ध्या गुणांसाठी शाळांनी एवढे करायला हरकत नसावी.

पालकांसाठी दोन गोष्टी. निकालानंतर गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर रडत बसू नका आणि वाशीला खेटेही घालू नका, अर्ज ऑनलाइन करता येतो. गेल्या काही वर्षांत गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४०० रुपये आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये शुल्क आहे. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत हातात आली की ती गणिताच्या शिक्षकांसमोर उघडा आणि पायरीपायरीने गुण मोजून घ्या. मुदत थोडी असते, तेव्हा शाळेला सुट्टी लागण्याआधी सरांचा फोन नंबर घेऊन ठेवा.